काय काढलं, काय ठेवलं

आमच्या द्राक्षबागेची एक डायरी असते. छाटणी कोणत्या तारखेला झाली, डाऊनी रोगावर कोणतं औषध मारलं, जीए म्हणजे वेलीला द्यायचं हार्मोन किती पीपीएम दिलं, पाऊस किती, माणसं किती, सगळं तीत लिहावं लागतं. ह्यांचं अक्षर ह्यांनाच लागत नाही, म्हणून लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून ती डायरी माझ्याकडे आली. २०१९ च्या एप्रिलमध्ये खरडछाटणी उरकली आणि त्या पानाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलनं बारीक लिहिलं, 'पा. ९ दिवस'. कुणाला दाखवायला लिहिलं नव्हतं. हिशेबाची सवय, दुसरं काय.

तेव्हा मला ४५ वर्षं पूर्ण झाली होती. आमचं गाव पलूस तालुक्यात. माळाकडच्या बाजूला द्राक्षं आणि नदीकडच्या बाजूला ऊस. थोरली मुलगी पुण्याला नोकरीला, मुलगा बारावीला. पाळी माझी कायम चार दिवसांची, तारीख चुकायची नाही. ती नऊ दिवसांवर गेली, मग बारा, मग वीस दिवसांत परत. नुसतं अंगावर जायचं नाही, गाठी पडायच्या. रात्री दोनदा उठून चादर बदलायची. पहाटे ह्यांच्या आधी उठून ती धुवून टाकायची, कारण घरात म्हातारी माणसं, वयात आलेला मुलगा.

सासूबाई म्हणाल्या, "पाळी जायच्या वक्ताला आसंच नळ सोडल्यागत जातंय. वरीसभर सोसायचं, मग आपसूक बंद होतंय." शेजारच्या काकूंनी तेच सांगितलं. बचत गटात ज्या ज्या बाईपाशी विषय काढला तिनं तेच सांगितलं. त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. चाळिशीच्या पुढं दर महिन्याला बीज सुटेलच असं नसतं. ते सुटलं नाही की गर्भपिशवीचं आतलं अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम ढासळतं. हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण पाळी मागेपुढे होणं वेगळं आणि तासाला पॅड बदलावं लागणं वेगळं, हा फरक गावात कुणी केला नाही. मीही नाही.

ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, म्हणून आम्हाला वरच्या शाळेत हलवलं. एका वर्गात चाळीसेक बायका-पोरं, संडास दोन, लाईट नाही. आणि मला नेमकी तेव्हाच सुरू झालेली. होती नव्हती तेवढी पॅडं दुसऱ्या दिवशी संपली. मदतीच्या गाड्यांतून बिस्किटं आली, ब्लँकेटं आली, ज्याची मला गरज होती ते मागायचं कुणाकडे? सगळे वाटणारे पुरुष. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, त्यांची एक सुती साडी दातानं टरकन फाडली आणि माझ्या हातात दिली.

"माझं बरं हाय बघ," त्या म्हणाल्या. "कवाच काढून टाकली. कटकट न्हाई. तू बी टाक काढून."

त्या रात्री बाहेर धो धो पाऊस, अंगावर काटा येईल असा गारठा. मी दोन ब्लँकेटांत कुडकुडत होते, आणि अक्का वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसून पदरानं वारा घेत होत्या. कपाळावरून घामाच्या धारा. मला त्याचं काही वाटलं नाही. लग्न होऊन आल्यावर काही वर्षांतच अक्का अशा पदरानं वारा घेताना दिसायला लागल्या होत्या. 'अक्कांच्या अंगात गरमी आहे' असं घरात सगळे म्हणायचे, जसं एखाद्याचं डोकं दुखतं, एखाद्याला पित्त होतं, तसं.

पूर ओसरल्यावर गाळ काढता काढता माझा दम निघायला लागला. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेले तर घाटाच्या पायऱ्यांवर चारदा बसले. तांदूळ निवडताना मूठ मूठ कच्चे तांदूळ तोंडात जायचे, आणि ते इतके गोड लागायचे की मला लाज वाटायची. अंगात लोह कमी पडलं की माणसाला कच्चे तांदूळ, माती, खडू असलं खावंसं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याला चाळा समजत होते.

सप्टेंबरमध्ये ह्यांनी मला जवळच्या गावातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली. रिपोर्ट बघायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

"गाठ आहे, पिशवीला सूज आहे. मुलं किती?"

"दोन."

"मग आता काय ठेवायची? काढून टाका सगळंच. ठेवली तर उद्या कॅन्सरला आमंत्रण. सोमवारी ॲडमिट व्हा."

मी विचारलं, "सगळंच म्हणजे?"

"सगळंच म्हणजे सगळंच," ते म्हणाले आणि बेल वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

कॅन्सर हा शब्द एकदा कानावर पडला की माणूस पुढचं काही ऐकत नाही. मोटारसायकलवर मागे बसून मी घरापर्यंत रडले. सगळ्यांचं एकमत झालं, काढून टाकायची. सोमवार टळला तो कुणाच्या शहाणपणानं नाही. फळछाटणी तोंडावर आली होती, छाटणीची टोळी ठरली होती, पेस्ट लावायला माणूस नव्हतं. म्हटलं, छाटणी होऊ दे, मग दिवाळीनंतर झोपू. बागेनं मला वाचवलं असं मी म्हणते ते यासाठी.

दिवाळीनंतर नदीकडच्या शेतांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या. आमच्या बांधाला बीडकडची टोळी होती, आठ कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या आठ जोड्या. त्यांतली एक बाई रोज आमच्या बोअरवर पाण्याला यायची. तिशीची असेल नसेल. एक दिवस मी पायरीवर डोकं धरून बसलेली बघून तिनं विचारलं आणि मीही सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

ती म्हणाली, "माझी तर कवाच काढली, मालकीणबाई. फडात काय करावं? खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळीत वाकून मोळी उचलायची, धुवायला पाणी नाही, बदलायला आडोसा नाही. डॉक्टर म्हणला, काढली की तरास संपंल."

"संपला का?"

तिनं कळशी डोक्यावर घेतली. "तो संपला. आता कंबर धरती अन् अंगाची आग होती. पण ते पाळीसारखं महिन्याला येत नाही, रोजच असतं. म्हणून खाडा होत नाही."

त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांची बातमी पेपरात गाजली होती. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. ती बातमी मी वाचली होती आणि 'अरेरे' म्हणून पान उलटलं होतं. तो आकडा कळशी घेऊन आमच्या बोअरवर येत होता, हे मला त्या दिवशी कळलं. आणि हेही, की ती आणि मी एकाच वाक्यावर उभ्या होतो. मुलं झाली ना, मग आता काय ठेवायची.

त्या रात्री भाकरी करताना मी अक्कांना विचारलं, "अक्का, तुमचं काय काय काढलं होतं?"

"पिशवी."

"नुसती पिशवी? का अंडाशयंही?"

"ते काय आसतंय?"

अक्कांचं ऑपरेशन २००५ च्या जानेवारीत झालं. वय ३६. त्रास काय होता, तर अंगावरून पांढरं जायचं आणि कंबर दुखायची. 'पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल' हेच शब्द त्यांनाही ऐकवले होते. कागद कुठे आहेत म्हटलं तर त्याच वर्षीच्या पुरात ट्रंकेसकट गेलेले.

माझी भाची मिरजेत नर्स आहे. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामी, उद्या ये. आणि डायरी घेऊन ये." मिरज हे दवाखान्यांचंच गाव. मिशनचा दवाखाना तिथं १८९४ पासून आहे, अर्ध्या कर्नाटकातनं लोक येतात. भाचीनं मला एका बाई डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो कॅन्सरचा नाही, हिशेबाचा. किती दिवस जातं, दिवसाला किती पॅड लागतात, गाठी केवढ्या पडतात? मी पिशवीतून फवारणीची डायरी काढून दिली. त्यांनी एप्रिलपासूनची पानं एकेक करून उलटली. जीए, भुरी, मजूर आणि कोपऱ्यात पेन्सिलीतली मी. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे सात महिने तुम्ही अंगावर काढलेत?" त्या आवाजात रागावणं होतं, पण ते माझ्यासाठी होतं, माझ्यावर नव्हतं. मला तिथं हुंदका आला.

तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन ७.१. बाईचं ते १२ च्या वर असावं लागतं. थायरॉइड ठीक. पिशवीच्या तोंडाची पॅप स्मियर तपासणी. खालून सोनोग्राफी, जी मी आधी कधी केली नव्हती आणि जिची उगाच भीती घेतली होती. त्यात ४ सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ दिसली आणि पिशवीची भिंत जाड झालेली, ज्याला ॲडेनोमायोसिस म्हणतात. आतलं अस्तरच पिशवीच्या स्नायूत शिरतं, पिशवी फुगते, दुखते, रक्त थांबत नाही. मग आतल्या अस्तराचा तुकडा घेऊन तपासणीला पाठवला, कारण चाळिशीनंतर असं रक्त जात असेल तर कॅन्सर नाही ना हे आधी बघायचं असतं. पहिल्या डॉक्टरांनी भीती घातली होती, तपासणी केली नव्हती. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. फायब्रॉइडचा सहसा कॅन्सर होत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी ह्यांनी विचारलं, "मग सगळं काढलं तर बिघडलं काय?"

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. मधे पिशवी, दोन्हीकडे नळ्या, नळ्यांच्या टोकाला दोन अंडाशयं. "पिशवी मूल वाढवायला. अंडाशयं फक्त बीजासाठी नाहीत, त्यांतून हार्मोन निघतात. हाडं, हृदयाच्या रक्तवाहिन्या, झोप, मन, खालची त्वचा, सगळ्यांना ते लागतात. पाळी जायच्या वयापर्यंत ते हळूहळू कमी होतात, शरीराला सवय लागते. ऑपरेशन करून दोन्ही काढली की एका दिवसात बंद."

ह्यांनी मान डोलावली. "म्हणजे वेलीचा जीए आतल्या आत बनतो तो बंद पडला, आणि वरून दिलाच नाही."

द्राक्षवाल्या माणसाला हार्मोन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दहा पीपीएम की वीस यावर घडाचं नशीब ठरतं हे तो जाणतो. इतकी वर्षं वेलीच्या हार्मोनचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून ठेवला आणि घरातल्या बायकांच्या अंगातही तेच चालतं, हे त्या खुर्चीवर पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

लगेच ऑपरेशन नको, असं ठरलं. एवढ्या कमी रक्तावर तर नकोच. आधी लोहाची सलाईन, एक दिवसाआड पाच. रक्त जास्त जाईल त्या दिवशी घ्यायच्या गोळ्या. आणि २०२० च्या जानेवारीत मिरेना बसवली. दिसायला तांबीसारखी, पण तिच्यातून रोज थोडंथोडं हार्मोन पिशवीच्या आतच सुटतं आणि अस्तर पातळ राहतं. बसवताना दुखलं, खोटं का सांगू. पुढचे चार-पाच महिने रोज डाग पडायचे आणि मी वैतागले होते. मग एकदम शांत. लॉकडाऊनचं ते सगळं वर्ष, बाजार बंद, माल पडून, सगळं जग हवालदिल, आणि माझ्या अंगात मात्र कित्येक वर्षांत नव्हती ती ताकद होती. त्या वर्षी आम्ही माल विकला नाही, सगळा बेदाणा केला, आणि शेडवर रॅक भरायला मी स्वतः उभी होते.

२०२१ च्या जूनमध्ये एका रात्री पोटात कळा आल्या, भरपूर रक्त गेलं आणि त्याबरोबर मिरेना बाहेर पडली. पिशवी मोठी असली, रक्त जास्त जात असलं तर असं होऊ शकतं, याची कल्पना डॉक्टरांनी बसवतानाच दिली होती, त्यामुळे मी घाबरले नाही, पण फार निराश झाले. जुलैत परत पूर. परत तीच शाळा. या वेळी पिशवीत पॅडं भरून नेली होती, माझ्यासाठी आणि दुसऱ्यांसाठीही. ऑक्टोबरपर्यंत हिमोग्लोबिन परत आठाच्या खाली आलं, गाठ ६ सेंटिमीटर झाली. डॉक्टरांनी परत सगळे रस्ते समोर मांडले. दुसरी मिरेना बसवून बघायची, गोळ्या चालू ठेवून पाळी जायची वाट बघायची, किंवा पिशवी काढायची. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, पण माझी कधी जाईल हे कुणी सांगू शकत नव्हतं.

मी आठ दिवस मागून घेतले. आणि मग मीच सांगितलं, काढू या. दोन वर्षांपूर्वीही मी 'काढू या'च म्हणत होते. शब्द तोच, पण या वेळी तो माझा होता.

डिसेंबरमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी मी तो भाचीकडून मराठीत समजून घेतला आणि डॉक्टरांना विचारून त्यावर स्पष्ट लिहून घेतलं. पिशवी आणि दोन्ही नळ्या काढायच्या, अंडाशयं निरोगी दिसली तर ठेवायची. नळ्या काढल्यानं पुढं अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो म्हणून त्या काढतात.

आपल्याकडे ऑपरेशननंतर काढलेली पिशवी ट्रेमध्ये घालून नातेवाईकांना दाखवतात. ह्यांना आत बोलावलं. मी गुंगीत होते. हे नंतर मला म्हणाले, सोललेल्या नारळाएवढी होती. निरोगी पिशवी ७०-८० ग्रॅमची असते, माझी रिपोर्टात ३१० ग्रॅम निघाली. ट्रे बघून ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, "अंडाशयं ठेवलीत ना?" नर्स हसली म्हणे, असं कुणी विचारत नाही. ह्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. "आपली दोन पोरं त्यातनं आली," असं कधी नव्हे ते माझा हात धरून म्हणाले, दवाखान्यात, सगळ्यांसमोर.

पोटापेक्षा दोन दिवस माझा खांदाच जास्त दुखला. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात जो गॅस भरतात त्यानं तसं होतं. सहा आठवडे जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, संबंध ठेवायचा नाही. यातलं पहिलंच सगळ्यात अवघड. खेड्यात बाईनं घागर उचलायची नाही म्हणजे कुणीतरी दुसरीनं उचलायची. अक्कांनी उचलल्या. बघायला येणाऱ्या बायका केळी, शहाळी, बिस्किटांचे पुडे घेऊन यायच्या आणि हळू आवाजात प्रत्येकीचा प्रश्न ठरलेला, "आता मालक कसं वागत्यात?" पिशवी गेली की बाई रिकामी झाली, असा समज आहे. मला स्वतःलाही ती भीती होती. तीन महिन्यांनी ती गेली. पुढं कोरडेपणा आला तेव्हा डॉक्टरांनी खालून लावायचं एस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. पंधरा वर्षं गुपचूप दुखणं सोसणाऱ्या बायका मी ओळखते, त्यांना कुणी हे सांगितलेलं नाही, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते आहे.

सासूबाई म्हणाल्या, "आता देवाधर्माचं सगळं करायला मोकळी झालीस." त्यांना माझं चांगलंच वाटत होतं. मला मात्र त्या मोकळेपणाचा आनंद झाला नाही. चैत्रात गौरीची आरास पहिल्यांदाच तारीख न बघता मांडली आणि कारण नसताना डोळे भरून आले. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या ज्या गोष्टीचा मी आयुष्यभर राग केला, तिची वाट बघायची सवय अंगातून जायला वर्ष लागलं.

पिशवी काढल्यावर एक अडचण होते. पाळी बारा महिने आली नाही की ती गेली असं धरतात. पण ज्या बाईला पाळी येतच नाही तिनं मोजायचं काय? माझी अंडाशयं कधी थांबली याची तारीख मला कळली नाही. २०२४ च्या गुढीपाडव्याला पुरणपोळ्या लाटत होते आणि छातीतून एक वाफ निघाली, मानेवरून डोक्यापर्यंत गेली, ब्लाउज ओला. वाटलं, तव्याची धग. मग रात्री अंथरुणात तेच, पहाटे तीनला तेच. झोप उडाली. गुडघे, बोटांची पेरं आखडायला लागली. साध्या साध्या गोष्टीला राग. महिन्याभरानं मी डायरीत 'वाफ' असा शब्द लिहायला लागले. 'वाफ ६.' 'वाफ ९, झोप ३ तास.'

डायरी परत मिरजेला गेली. मॅमोग्राफी, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघून डॉक्टरांनी हातावर लावायचं एस्ट्रोजेनचं जेल सुचवलं. मी बिचकले, कारण हार्मोनच्या औषधानं कॅन्सर होतो असं ऐकलेलं. त्यांनी सांगितलं की २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभरच्या बायकांनी ही औषधं एकदम सोडली. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि पिशवी नसलेल्या ज्या बायकांना नुसतं एस्ट्रोजेन दिलं होतं त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला आढळला नाही. पिशवी असेल तर सोबत दुसरं हार्मोन द्यावंच लागतं, नाहीतर आतलं अस्तर वाढतं. पिशवी नसेल तर ते लागत नाही. म्हणजे इथंही तोच प्रश्न, काय काढलं आणि काय ठेवलं. ज्यांना स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होऊन गेलाय त्यांना हे सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. मी जेल घेते आहे. तीन आठवड्यांत झोप परत आली.

आणि मला झोप लागल्यावर अक्का दिसायला लागल्या. म्हणजे रोज दिसतच होत्या.

त्याच्या आदल्या वर्षी गोठ्यात पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. साधं पडणं, उंचावरून नाही. प्लास्टर घातलं, निघालं, कुणी पुढं काही विचारलं नाही. मी त्यांना माझ्याबरोबर मिरजेला नेलं. हाडांची डेक्सा तपासणी झाली, हाडं खूपच विरळ झालेली. डॉक्टरांनी विचारलं, "यांची अंडाशयं काढली आहेत का?" मी म्हटलं, माहीत नाही. सोनोग्राफीत दिसली नाहीत. पण या वयात ती सुकून इतकी लहान होतात की नुसतं दिसली नाहीत म्हणून काढलीच असं सांगता येत नाही. ऑपरेशन जिथं झालं होतं तिथं हे जाऊन आले. दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, खाली फरशीचं दुकान आहे.

"ऑपरेशननंतर गरमी कधी सुरू झाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"टाकं सुकायच्या आधीच," अक्का म्हणाल्या.

डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, बहुतेक दोन्ही काढली असावीत. छत्तिसाव्या वर्षी काढली असतील तर पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत तरी हार्मोन द्यायला हवे होते.

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजी मला म्हातारपण छत्तिसाव्या वर्सालाच आलं व्हय गं?" त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. तो जवळ आला की अंगाची आग व्हायची आणि त्या त्याला ढकलायच्या. भाऊजी बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. सासूबाई म्हणायच्या, थोरलीचं डोकं फिरलंय. मीही म्हटलं असेल. "मला वाटायचं मीच वंगाळ हाय," अक्का म्हणाल्या.

मी काय बोलणार होते? एकोणीस वर्षं मी त्यांना पदरानं वारा घेताना बघितलं होतं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की विनाकारण पिशव्या काढणं थांबवण्यासाठी केंद्र सरकारनं केलेली मार्गदर्शक तत्त्वं लागू करा, तीन महिन्यांत. त्यात जिल्ह्याजिल्ह्यात देखरेखीच्या समित्या आहेत. ही बातमी मी अक्कांना वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगलं हाय. पोरींच्या उपेगाला येईल." मग विचारलं, "आपल्या बोअरवर यायची ती बीडची पोरगी परत आली का न्हाई कवा?" नाही आली. दर हंगामाला मी टोळीत बघते.

अक्कांना हाडांसाठी आठवड्याची एक गोळी चालू आहे, दर रविवारी. उपाशीपोटी, भरून तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं. त्या अर्ध्या तासात मी त्यांच्याजवळ बसते आणि आम्ही डायरी लिहितो. माझा ऑपरेशनचा रिपोर्ट मी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, पुराच्या खुणेच्या वर. एक प्रत मुलीकडे पुण्याला आहे.

या जानेवारीत नवी डायरी आणली तेव्हा अक्कांनी ती माझ्या हातातून घेतली, चाळली आणि म्हणाल्या, "माझं बी एक पान ठेव. शेवटचं चालंल." त्या चौथीपर्यंत शिकल्यात, लिहायला लाजतात, म्हणून मीच लिहिलं आणि त्यांनी सांगितलं.

'२००५, जानेवारी. वय ३६. पिशवी काढली. बाकीचं काय काढलं ते सांगितलं नाही.'

मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं, जाड अक्षरात, दोनदा गिरवून.